रोह्याच्या टाकीतली एक रेघ

"टाकी आहे ना?"

टिपणीसकाकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. पुढची चार वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी मला हाच विचारला.

मी तेव्हा पेणला राहायचे आणि रोह्याच्या शाळेत गणित शिकवायचे. सकाळची पॅसेंजर पकडायची, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. रोह्याच्या पुढे दक्षिणेकडे रूळ टाकायचं काम चाललं होतं, पण गाडीपुरतं रोहा हे अजून शेवटचंच स्टेशन होतं. पेण स्टेशनवरून घरी चालत येताना वाटेत पमावहिनींचा गणपतींचा कारखाना लागायचा. त्याच्या ओट्यावर, उन्हात वाळत ठेवलेल्या बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगेच्या टोकाला, एक उंच, जरा वाकलेले, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेले गृहस्थ बसलेले असायचे. एकदा त्यांनी हात करून मला थांबवलं.

"तू रोज रोह्याला जातेस म्हणे. पमावहिनी सांगत होत्या. स्टेशनात पाण्याची टाकी आहे, गावाच्या बाजूला. ती आहे ना?"

"आहे की."

"उभी आहे?"

"बसलेली टाकी मी तरी अजून पाहिली नाही," मी म्हटलं.

गणिताच्या बाईंना विनोद करता येत नाही असं मुलं म्हणायची. ते खरं असावं, कारण काका हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा प्रश्न विचारला. "खाली कोण बसतं हल्ली?"

आता टाकीखाली कोण बसतं हे कोण बघून ठेवतं? पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. आठ खांबांवर उभी असलेली ती एक साधी, गोल, काँक्रीटची टाकी होती. मान वर करून बघावं असं तिच्यात काही नव्हतं. पण खाली सावली गार पडायची, म्हणून अष्टमी गावाहून काकड्या घेऊन येणारी एक बाई तिथे टोपली मांडून बसायची आणि गाडीची वाट बघणारे चारपाच जण खांबांना टेकलेले असायचे. मी संध्याकाळी हे काकांना सांगितलं. "काकडीवाली रोज बसते?" त्यांनी विचारलं. रोज बसते म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, हिचं आणि यांचं काही जुनं भांडण असावं.

हळूहळू ती सवयच झाली. मी ओट्याशी आले की ते विचारायचे, मी "आहे" म्हणायचे आणि पुढे जायचे. गाडीतल्या माझ्या मैत्रिणींना हे कळल्यावर त्या रोह्याला गाडी सुटताना खिडकीतून डोकं काढून म्हणायच्या, "वासंती, बघून घे गो, नायतर तुझे काका जेवायचे नाहीत." मीही हसायचे. माणूस एकटा आहे, वय झालंय, काहीतरी एक धरून बसलाय, असं मी स्वतःची समजूत घालून टाकली होती.

टिपणीसकाका ट्रेसर होते. आता हा शब्द समजावून सांगावा लागतो, कारण तो धंदाच गेला. मुंबईत, बोरीबंदरच्या बाजूला, रेल्वेच्या कामांचे नकाशे करून देणारं एक ऑफिस होतं. तिथे साहेब लोक जाड कागदावर पेन्सिलीने नकाशा काढत. मग ट्रेसर त्यावर मेणकट, निळसर, आरपार दिसणारं कापड अंथरी, त्यावर खडूची पूड चोळी आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवी. त्या कापडावरून मग छापे निघत आणि कामावर जात. नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्या साहेबाची सही असे, तपासणाऱ्याची असे. ट्रेसरच्या नावाला अगदी बारीक दोन अक्षरांची जागा असे. काकांनी ती दोन अक्षरं तीस वर्षं लिहिली होती.

"आपण काही काढायचं नसतं, वासंती. खाली जे आहे ते वर आणायचं. कमी नाही, जास्त नाही," ते सांगत.

त्या धंद्याचा एक नियम होता, आधी वर्तुळं काढायची आणि मग त्यांना सरळ रेघा जोडायच्या. उलटं केलं तर सांधा जुळत नाही. "आधी गोल, मग सरळ," हे काका इतक्या ठिकाणी म्हणायचे की पमावहिनींच्या कारखान्यातल्या बायकाही म्हणायला लागल्या होत्या. जेवताना ताटात जे गोल असेल ते काका आधी खायचे. एका लग्नात त्यांनी जिलबी, पापड आणि मसालेभाताची मूद अशा क्रमाने जेवताना मी स्वतः पाहिलंय. माझ्या शेजारची बाई मला विचारत होती, ह्यांचं पथ्य कसलं आहे म्हणून.

कारखान्याच्या मागे वर एक खोली होती, तिथे ते राहत. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. एका रविवारी दुपारी पमावहिनींनी माझ्या हाती त्यांच्यासाठी घावन पाठवले आणि मी ती खोली पहिल्यांदा पाहिली. त्या दुपारबद्दल लिहायला बसले की अजूनही मला वेळेचं भान राहत नाही.

खिडकीला पडदा म्हणून ट्रेसिंगचं कापड लावलेलं होतं, आणि त्यावर एक पाण्याची टाकी काढलेली होती. दगडी, जुनी, कमानींची. पश्चिमेचं ऊन त्या कापडातून आत येत होतं आणि टाकीच्या सगळ्या रेघा जमिनीवर पडल्या होत्या. मी दारात उभी होते तेव्हा तिचा पाया माझ्या पायाशी होता. आम्ही बोलत बसलो तशी ती फरशीवरून सरकत सरकत कॉटवर चढली, मग भिंतीवर उभी राहिली. काका मधेच तिच्याकडे बघून म्हणायचे, "आता साडेचार झाले." त्यांच्या खोलीत घड्याळ नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून एकेक कापड काढून दाखवलं. सगळ्या टाक्या होत्या, कोळशाच्या इंजिनांच्या काळातल्या. घाटाखालच्या स्टेशनातल्या, घाटावरच्या, पार पठारावरच्या. ऑफिसात त्यांच्या वाट्याला दुरुस्तीसाठी जुन्या टाक्यांचे नकाशे नव्याने उतरवून काढायचं काम आलं होतं आणि ते आयुष्यभर तेच करत राहिले. मला तोवर वाटायचं, पाण्याची टाकी म्हणजे पाण्याची टाकी. काकांनी बोट फिरवत मला एकीचा तळ दाखवला. खाली रुंद, काळ्या दगडाच्या भिंती, वर जाताना नकळत आत आलेल्या. एक कमानीचं दार, कारण आत पंप असायचा आणि पंपावरचा माणूसही. उजेडासाठी अरुंद, उंच खिडक्या. भिंत संपते तिथे बाहेर आलेला दगडी पट्टा, पावसाचं पाणी भिंतीवरून न उतरता लांब पडावं म्हणून. आणि त्याच्यावर लोखंडी पत्र्यांची चौकोनी पेटी, बोल्टांनी जोडलेली, तुळयांवर नुसती ठेवलेली.

"इंजिनाला पाणी पाजायचं, काम एवढंच," काका म्हणाले. "आडोसा केला असता तरी भागलं असतं. पण त्या माणसांनी कमानी काढल्या बघ. खिडकीच्या वरच्या दगडाला नक्षी दिली. ड्रायव्हरला ती दिसणार होती का? तो धुरात. कुणासाठी काढली असेल?"

मी म्हटलं, "कंत्राटदाराचं बिल वाढायला."

"असेलही," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "पण अशी जागा दुसरी नाही गं. डोक्यावर एवढं पाणी, आणि खाली माणूस कोरडा. भिंतीला कान लावला की पाणी ऐकू येतं. मी एकदा गेलो होतो आत. तास गेला, मला कळलं नाही."

जाताना त्यांनी मला एक रुमाल दिला. जुनं ट्रेसिंगचं कापड गरम पाण्यात धुतलं की खळ निघून जाते आणि खाली मलमलीसारखं तलम सूत उरतं. त्यांचे सगळे रुमाल असे होते. माझ्या रुमालाच्या एका कडेला, धुऊनही न गेलेली, एका कमानीची फिकट रेघ होती.

पमावहिनींनी त्यांचा हात वाया जाऊ नये म्हणून एक वर्ष त्यांना कामाला लावायचं ठरवलं. गणपतीच्या पितांबराच्या काठाच्या रेघा मारायला बसवलं. काकांनी शाईचं पेन धुतलं, त्यात सोनेरी रंग भरला आणि एका मूर्तीला दोन दिवस घेतले. काठ असा झाला की बघणाऱ्याने बोटाने चाचपून बघावं. पण बाहेर अजून तीनशे मूर्ती होत्या आणि चतुर्थी तोंडावर आली होती.

"काका, देवाची शपथ, जरा वाकडी मारा, पण पटकन मारा," पमावहिनी म्हणाल्या.

"वाकडी कशी मारायची?" काकांनी विचारलं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं.

मग वहिनींनी गमतीने त्यांच्या हातात कुंचला दिला आणि म्हटलं, डोळे तरी आखा एका गणपतीचे. काकांनी कुंचला खाली ठेवला. "खाली रेघ नाही, वहिनी. नुसत्या मनाने काढायचं मला जमत नाही." हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की कारखान्यातल्या बायका हसता हसता थांबल्या. तो एक सोनेरी काठाचा गणपती मात्र वहिनींनी विकला नाही, स्वतःच्या घरी बसवला.

आमच्या त्या रोजच्या प्रश्नोत्तरांचं तिसरं वर्ष असेल. रोह्याच्या टाकीच्या खांबाला एक दिवस पाटी लागली: "टाकीखाली बसू नये." का, ते कुणालाच माहीत नव्हतं. लोक दोन दिवस लांब उभे राहिले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पाटीच्या खिळ्याला पिशवी अडकवली, चौथ्या दिवशी काकडीवालीने तिथे आपली छत्री टांगली आणि सगळे पुन्हा खाली बसायला लागले. मी हे काकांना मजा म्हणून सांगितलं. ते उठून आत गेले.

आणि मग तो दिवस आला, जो आठवला की मला आजही माझी लाज वाटते. शाळेत तपासणी होती, डोकं उठलं होतं, गाडी कासूला तासभर उभी होती. मी घामाघूम होऊन ओट्याशी आले आणि काकांनी विचारलं, "टाकी आहे ना?"

"नाही," मी म्हटलं. "पडली."

मला वाटलं, ते म्हणतील, चेष्टा करतेस काय म्हाताऱ्याची. पण ते उभे होते ते मटकन खाली बसले, आणि त्यांचा हात लागून एक कच्ची मूर्ती ओट्यावरून खाली पडून फुटली. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"काकडीवाली?" त्यांनी विचारलं.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. चेष्टा केली हो, उभी आहे, देवाशप्पथ उभी आहे, आत्ता बघून आले, असं मी किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. पमावहिनींनी पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर, फुटलेल्या मूर्तीचे तुकडे एकेक करून मांडीवर गोळा करत, काकांनी मला जे सांगितलं ते त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

रोह्याच्या टाकीचा नकाशा त्यांनी ट्रेस केला होता. नोकरीतलं शेवटचं मोठं काम. "जुन्या टाकीची पेटी लोखंडाची असते. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे नुसते बोल्ट. पण काँक्रीटच्या टाकीला नेमकं तिथे सळईचं कडं लागतं. पाणी सगळ्यात जास्त तिथेच रेटतं. साहेबांनी ते पेन्सिलीने दाखवलं होतं. आणि मी..." त्यांनी एक तुकडा दुसऱ्याला लावून बघितला. "निवृत्त होऊन इथे आलो. एकदा दुपारी डोळा लागला आणि स्वप्नात ते नकाशाचं शीट आलं. पूर्ण. प्रत्येक आकडा, प्रत्येक बाण. आणि त्या कोपऱ्यात पांढरं होतं. रेघ नव्हती. तीस वर्षं जुन्या टाक्या काढल्या ना, हाताने तिथेही जुनीच काढली असणार."

"स्वप्नच ते, काका!"

"मला स्वप्नात चुकीचं शीट कधी दिसलं नाही, वासंती."

ते मुंबईला जाऊन आले होते. ऑफिस बंद पडलं होतं, कागद रद्दीत गेले होते, साहेब वारले होते. मग पेणला परत येऊन त्यांनी गप्प बसायचं ठरवलं आणि ते त्यांना जमलं नाही. स्टेशनात निनावी पोस्टकार्ड त्यांनीच टाकलं होतं, टाकीखाली कुणी बसू नये म्हणून; ती पाटी त्यावरूनच लागली होती.

मी भडकले. "लोक बसतात तिथे! पोरंबाळं असतात! आणि तुम्ही इथे ओट्यावर बसून मला विचारताय? स्वतः जाऊन बघितलं का नाही?"

"बघून काय दिसणार? सळई आत असते. आणि गेलो, आणि तडा दिसला तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी भित्रा आहे गं."

दुसऱ्या दिवशी रोह्याला उतरल्यावर मी स्टेशनमास्तरांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सांगणार काय होते, एका गृहस्थांना स्वप्न पडलंय? टाकीखालून जाताना मात्र माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले. काकडीवालीला मी म्हटलं, मावशी, त्या झाडाखाली बसा ना. ती म्हणाली, "तितं मुंग्या हायत."

असेच काही महिने गेले. मग शाळेच्या कुंपणाची भिंत बांधायला निडीचा धर्मा मिस्त्री आला. साठीचा, काळा, किडकिडीत, डोक्याला फडकं. मधल्या सुट्टीत तो मला म्हणाला, "बाई, तुमी पेणच्या ना? गाडीनं जाता ना? ती स्टेशनातली टाकी माझ्या हातची."

त्या कड्याबद्दल विचारायचं ओठावर आलं होतं, पण मला धीर झाला नाही. उत्तर वाईट आलं तर ते पेणला घेऊन जायचं मलाच होतं. धर्मा आपल्या नादात बोलत होता. इतकी वर्षं टाकी अर्धीच भरायची, स्टेशनच्या विहिरीला पाणीच तेवढं होतं. आता पुढे लांबच्या गाड्या जाणार म्हणून कुंडलिका नदीवरून नवा पाइप आणलाय. "ह्या गुरुवारी काठोकाठ भरणार. पयल्यांदाच. मी जाणार हाय बघाया."

संध्याकाळी मी काकांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ज्याने बांधली तो माणूस आहे, आणि गुरुवारी टाकी पूर्ण भरणार आहे. त्यांनी शर्टाची गळ्याजवळची गुंडी सोडली, पुन्हा लावली.

"गुरुवारी मला गाडीत बसव," ते म्हणाले.

गुरुवारी मी शाळेत रजा टाकली आणि ते माझ्याबरोबर गाडीत बसले. निडी गेल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि रोह्याला मी हात धरून उतरवलं तेव्हा उघडले. फलाटाच्या टोकाला उभे राहून त्यांनी पहिल्यांदा आपली टाकी पाहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मान आखूड झाली," ते म्हणाले. "खांब अजून दोन फूट हवे होते."

मला हसू आलं आणि रडूही आलं. जीव मुठीत धरून आलेला माणूस आधी टाकीची उंची बघत होता.

धर्मा मिस्त्री खांबाशीच होता, जेवणाचं फडकं घेऊन आलेला. मी दोघांची ओळख करून दिली. हे काका, यांनी टाकीचा कागद आखला होता. हा धर्मा, याने टाकी बांधली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाच कामावरची ही दोन माणसं पहिल्यांदा भेटत होती.

काकांनी लांबण लावली नाही. "मिस्त्री, वर, तळ आणि भिंत जिथे मिळते तिथे सळईचं कडं असतं. माझ्या कागदावर ते होतं का?"

धर्माने फडकं खाली ठेवलं, वर बघितलं.

"नाय," तो म्हणाला. "नव्हतं."

काकांचा हात माझ्या हातात होता. "म्हणजे झाली होती चूक," ते म्हणाले.

"व्हय. आमी कागद उलटासुलटा करून बघितला. मी म्हटलं, आखणारा दमला असंल."

"मग?"

"मग काय? घातली रिंग. एकीच्या जागी दोन घातल्या. कागदावर नाय म्हणून टाकीला नको, असं कसं?"

"दोन?" काकांनी विचारलं.

"दोन. बोटाएवढ्या जाड. माझ्या हातानं तारेनं बांधल्या."

"कुणाला विचारून?"

"साहेब यायचा आठ दिसांनी. माल कालवलेला. कोणाला इचारू?"

काकांनी मान खाली घातली. त्यांना हायसं वाटलं असेल असं मला वाटलं होतं, पण नुसतं तेवढंच नव्हतं ते. इतकी वर्षं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, ते स्वप्न खोटं असेल अशी आशा त्यांनी धरली असणार. ती आता गेली होती. आणि टाकी उभी होती. एका दमात दोन्ही त्यांना मिळालं.

पंपावरच्या माणसाने लांबून हात केला. नव्या पाइपात पाणी सोडलं होतं. धर्माने फडकं उचललं आणि टाकीच्या बरोबर मधोमध, खांबांच्या आत, मांडी घालून बसला.

"तुम्ही तिथे का बसताय?" मी विचारलं.

"आमच्यात तशी रीत हाय, बाई. टाकी पयल्यांदा भरतात तवा ज्यानं बांधली त्यानं खाली बसायचं. पडली तर त्याच्यावरच पडू दे. मी बसलेलो तवा, पण तवा पाणीच अर्धं. म्हटलं आज उरलेलं बसावं."

"आणि आखणारा?" काकांनी विचारलं. "तो कुठे बसतो?"

धर्मा हसला. "आखणाऱ्याला कोण बोलावतंय, काका?"

"मी आलोय," काका म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, खांबाबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. मग वळून काकडीवालीपुढे हात जोडले, बाई, आजचा दिवस तिकडे बसा. ती कुरकुरत टोपली उचलून गेली. मी त्यांच्या मागोमाग आत शिरले, तशी त्यांनी मला हाताने अडवलं.

"तू लांब हो, वासंती. ही तुझी रेघ नाही."

मी फलाटावर जाऊन उभी राहिले. टाकीच्या अंगावर आकडे लिहिलेली एक उभी पट्टी होती आणि तिच्यावर एक लाल खूण. आत पाणी चढतं तशी बाहेरची खूण खाली उतरते, हे मला पंपावरच्या माणसाने सांगितलं. ती उतरत होती, पण इतकी हळू की बघत राहिलं तर हलत नाही असंच वाटायचं. आतून पाण्याचा आवाज येत होता, लांब कुठेतरी कुणी बोलत असावं असा. दुपार उतरली. निम्म्याच्या खाली, जिथे ती आजवर कधी गेली नव्हती, तिथे खूण गेली आणि टाकीच्या बुडाशी एक काळपट ओली रेघ उमटली. काकांनीही ती पाहिली. ते उठले नाहीत. धर्माने खांबावरून उतरलेल्या ओलीवर बोट फिरवलं, वास घेतला. "वल हाय नुसती," तो म्हणाला, "नव्या पाण्याची. सुकंल." काका त्या रेघेकडे बघत बसून राहिले.

मग वरच्या पाइपातून पाण्याची धार सुटली आणि रुळांच्या बाजूला लांब जाऊन पडली. भरली होती. फलाटावरच्या दोनचार माणसांनी उगाच टाळ्या वाजवल्या. मी रडत होते, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही.

मी चहा आणायला गेले. स्टेशनबाहेरच्या गाडीवर गर्दी होती, वेळ लागला. तीन पेले घेऊन परत येते तो संध्याकाळची गाडी फलाटाला लागलेली. मी टाकीकडे वळले तर धर्माने दुरूनच तोंडावर बोट ठेवलं. चहा तिथेच कट्ट्यावर ठेव म्हणून खूण केली, आणि मग दुसरी खूण केली, तू जा, मी आणतो यांना मागून येणाऱ्या गाडीने.

त्यानंतरही टिपणीसकाका बरीच वर्षं होते, आणि आम्ही ओट्यावर कितीतरी बोललो. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या गाडीच्या खिडकीतून दिसले तेच दिसतात. गाडी हलली तेव्हा पाणी अजून वाहत होतं. टाकीखाली, एका खांबाला पाठ टेकून, शर्टाची गळ्याजवळची गुंडी सोडून, तोंड जरासं उघडं ठेवून काका गाढ झोपले होते. धर्मा मिस्त्री त्यांच्या शेजारी जागा बसला होता.